बहात्तर टनांची रिकामी गाडी

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या मिहान औद्योगिक परिसरातल्या एका गोदामाच्या गेटवरून फोन आला, काटा बिघडलाय, लवकर या. माझं ऑफिस तिथून दोन किलोमीटरवर. पोचले तेव्हा काट्यावर एक सहाचाकी ट्रक उभा होता, फाळका उघडा, ताडपत्रीची घडी एका कोपऱ्यात. आत धुळीशिवाय काही नव्हतं. आणि गेटवरच्या खोलीतल्या स्क्रीनवर त्या रिकाम्या गाडीचं वजन होतं ७२००० किलो. बहात्तर टन. काटाच मुळात साठ टनी होता.

ड्रायव्हर काटोलकडचा, पन्नाशीचा माणूस. अंगावरचा रुमाल डोक्याला गुंडाळून सावलीत बसला होता. मला बघून उठला. "मॅडम, गाडी खाली हाये जी. वाकून पाहा ना. बहात्तर टन कुठून आणू मी?" गार्ड म्हणाला, "मले काय माहीत भाऊ, कॉम्प्युटर जे दाखवते तेच मी लिहितो." रिकामं वजन भरलेल्या वजनापेक्षा जास्त, त्यामुळे गेटपास निघेना. त्या माणसाचे दोन तास त्या उन्हात गेले होते. नागपूरचा मे म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको.

काट्याकडून संगणकाकडे वजन आणणारा प्रोग्राम मी लिहिलेला होता.

पहिला संशय काट्यावर गेला, तो साहजिक होता. गाडीचं खरं रिकामं वजन ७२०० किलो. ७२०० च्या जागी ७२००० म्हणजे बरोबर दहापट. दहापट म्हटलं की कोणीही दशांशचिन्हाकडेच बोट दाखवतो. काट्याच्या माणसाला बोलावलं, त्याने पेटी उघडून सेटिंग तपासलं, काही सापडलं नाही. हाताने आकडा लिहून गाडी सोडली. मी परत येऊन त्या आठवड्याच्या नोंदी काढल्या आणि एका नोंदीवर थांबले. एका रिकाम्या गाडीचं वजन ८१४०५ पडलं होतं. तिचं खरं वजन, दुसऱ्या वेळच्या नोंदीवरून, ८१४०. हे दहापट नव्हतं. दहापट असतं तर शेवटी शून्य आलं असतं. हा ५ कुठून आला?

तिच्या आधी काट्यावर चढलेल्या गाडीचं वजन होतं २१३६५.

तिथे मला कळलं. काट्याकडून येणारे आकडे ठेवायला मी ६४ बाइटचं एक बफर घेतलं होतं. बफर म्हणजे स्मृतीतली एक रांग, चौसष्ट खणांची. प्रोग्राम सुरू होताना सगळे खण शून्य करून ठेवलेले. पहिली गाडी आली, तिचे पाच आकडे पहिल्या पाच खणांत बसले, २, १, ३, ६, ५. पुढची गाडी आली, तिचे चारच आकडे, ८, १, ४, ०. ते पहिल्या चार खणांत बसले. पाचव्या खणाला कोणी हात लावला नाही. तिथे आधीच्या गाडीचा ५ तसाच बसून राहिला. माझा प्रोग्राम पहिल्या खणापासून रिकामा खण लागेपर्यंत वाचत गेला आणि त्याने वाचलं, ८१४०५. काटोलच्या गाडीचं तसंच. तिचं भरलेलं वजन १८४५०. माल उतरवून ती परत काट्यावर आली तोवर मध्ये दुसरी गाडी आलीच नव्हती. ७२०० च्या मागे जे शून्य लागलं ते तिच्याच सकाळच्या वजनाचं होतं.

आम्ही तपासणी केली होती, भरपूर केली होती. पण तपासणीतले सगळे आकडे पाच-पाचच होते.

सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कवरून माहिती आत येते त्या दारातून, माहिती घेण्याचा जो आदेश असतो, रिसीव्ह, त्याला तुम्ही दोन गोष्टी देता. ठेवायचं कुठे आणि जास्तीत जास्त किती. तो परत एक आकडा देतो, प्रत्यक्षात किती बाइट आले. १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्समधून, ४.२ बीएसडीमधून, ही सॉकेटची पद्धत जगात आली आणि आज मिहानच्या काट्यापासून बँकेच्या यंत्रापर्यंत जवळपास सगळीकडे तीच चालते. तुम्ही चौसष्टची जागा दिली म्हणून चौसष्ट येतील असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. चार आले तर तो चार सांगतो. शून्य सांगितलं तर पलीकडच्याने बोलणं संपवून दार लावलं. उणे एक सांगितलं तर काहीतरी बिनसलं. हा उणे एक नीट न बघता चिन्ह नसलेल्या ३२ बिटांच्या खणात टाकला तर तोच ४,२९,४९,६७,२९५ होतो, आणि प्रोग्राम चार अब्जांहून जास्त बाइट आल्याच्या समजुतीत पुढे पळतो. एवढं सगळं त्या एका परत आलेल्या आकड्यात असतं. मी तो आकडा घेतलाच नव्हता. त्या ओळीत डाव्या बाजूला काही लिहिलंच नव्हतं मी. तो सांगत होता आणि ऐकायला कोणी नव्हतं.

त्या रात्री मला आमच्या आजीचं खळं आठवलं. ज्वारी निघाली की मजुरांचा वाटा धान्यातच द्यायचा, पायलीने मोजून. मापाडी पायली भरायचा आणि प्रत्येक पायलीला मोठ्याने आकडा म्हणायचा. एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. शेवटची पायली भरली नाही तर हात थांबवून म्हणायचा, निम्मी. आजीचा दंडक होता की ज्याला धान्य द्यायचं तो माणूस समोर उभा पाहिजे आणि त्याला आकडा ऐकू गेला पाहिजे. बाई लुगड्याचा ओचा पसरून उभी असायची, नजर पायलीवर. पायली केवढी आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याची कोणी चर्चा करत नसे. ऐकायचा असायचा तो मापाड्याचा आकडा, आणि त्यातही ती शेवटची निम्मी. निम्म्या पायलीला पूर्ण पायली धरली असती तर आजीला तो हिशेब सहन झाला नसता. मला वाटतं, मी कॉलेजात शिकण्याच्या आधी हे शिकले होते, आणि लिहिताना विसरले.

आमच्या कामात बफरची भीती सगळ्यांना शिकवली जाते, पण ती दुसऱ्या बाजूची. जागा कमी आणि येणारं जास्त. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने, स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, फिंगर नावाच्या सेवेच्या ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट ओतले, आणि ते शेजारच्या स्मृतीत सांडून त्या यंत्राचा ताबा गेला. ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगतात. सांडणं डोळ्यांना दिसतं. उलट बाजूची चूक, म्हणजे जागा मोठी आणि येणारं थोडं, तिला कोणी घाबरत नाही. उरलेली जागा रिकामी आहे असंच आपण धरून चालतो.

ती रिकामी नसते. मला या सगळ्यात सांगायचं आहे ते हेच. स्मृतीत रिकामं असं काही नसतं, आधीच्याचं काहीतरी असतं. प्रोग्रामच्या आत जागा परत घेतली जाते तेव्हा ती सहसा धुतली जात नाही, नुसती दुसऱ्याच्या नावावर होते. जेवढं आलं त्याच्या एक खण पुढे पाऊल टाकलं की तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी घरात असता.

७ एप्रिल २०१४ ला जगाला हे मोठ्या किमतीने कळलं. ओपनएसएसएल नावाची लायब्ररी त्या काळात इंटरनेटवरच्या फार मोठ्या भागाचं कुलूप होती. तिच्यात हार्टबीट नावाची एक सोय होती. एका बाजूने म्हणायचं, मी जिवंत आहे, हा शब्द घे, हा इतक्या बाइटचा आहे, मला परत म्हणून दाखव. दुसरी बाजू तो शब्द तसाच परत पाठवायची. शब्द केवढा आहे हे बोलणाऱ्याने सांगायचं, आणि ऐकणारा त्यावर विश्वास ठेवायचा. प्रत्यक्षात केवढा आला हे तो मोजून बघत नव्हता. मग कोणी एक बाइट पाठवून चौसष्ट हजार म्हटलं तर सर्व्हर तो एक बाइट आणि त्याच्या शेजारी स्मृतीत जे काही पडलेलं असेल ते, चौसष्ट किलोबाइटपर्यंत, उचलून देत होता. त्यात लोकांचे पासवर्ड होते, खाजगी किल्ल्या होत्या. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० करदात्यांचे ओळख क्रमांक गेले. हार्टब्लीड हे त्या दोषाचं नाव. तो दोन वर्षं तिथे होता. दुरुस्ती थोड्या ओळींची होती: सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या नोंदीत बसते का ते बघा, बसत नसेल तर गप्प राहा.

माझ्या काट्याने कोणाचं गुपित फोडलं नाही. एका वजनाचा आकडा दुसऱ्या वजनाला चिकटवला, इतकंच. पण जात तीच. आणि ज्याच्या नावावर तो आकडा लागला त्या माणसाचे दोन तास उन्हात गेले होते, त्याच्या बिल्टीवर शंका घेतली गेली होती, हे मला लहान वाटत नाही.

दुरुस्ती केली. आलेला आकडा घेतला आणि तेवढेच खण वाचले. दोन आठवडे सुरळीत गेले. मग जूनमध्ये काट्याजवळची, आकडे नेटवर्कवर पाठवणारी पेटी बदलली आणि नवाच प्रकार सुरू झाला. एका भरलेल्या गाडीची नोंद पडली १८४ किलो. लगेच दुसरी नोंद, ५० किलो. कधी उलटही व्हायचं, दोन गाड्यांचे आकडे चिकटून यायचे, ७२००१८४५०. या वेळी मी लांबी प्रामाणिकपणे मोजत होते. तीन आले तेव्हा तीन, दोन आले तेव्हा दोन, नऊ आले तेव्हा नऊ. मोजणी खरी होती आणि वजन खोटं.

काट्याकडून पेटीकडे एकेक आकडा तारेवरून येतो. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने एका आकड्याला साधारण एक मिलिसेकंद. पेटी ते गोळा करते आणि तिला वाटेल तेव्हा गठ्ठा पुढे ढकलते. तिची ठरलेली वेळ तिसऱ्या आकड्यावर संपली तर तीनच जातात. त्यापुढे टीसीपी, नेटवर्कवरून माहिती पोचवण्याची पद्धत. टीसीपीचं कबूल केलेलं काम असं की जे दिलं ते हरवणार नाही, दोनदा जाणार नाही आणि क्रम बदलणार नाही. पण तुम्ही कुठे थांबला होतात हे तो लक्षात ठेवत नाही. टाकीत एकाने बादलीने पाणी ओतावं आणि खालच्या नळावर दुसऱ्याने तांब्याने घ्यावं, तसं ते आहे. थेंबही वाया जात नाही, पण वरच्याने किती बादल्या ओतल्या हे खालच्याला तांब्या मोजून कळणार नाही.

टीसीपीचं जुळं भावंड यूडीपी, त्याचं उलट आहे. तो पाकीट पोचवतो. पोचेल याची हमी नाही, पण पोचलं तर एक पाकीट म्हणजे एक पत्र, अख्खं. तुमची जागा छोटी असेल तर तेवढं भरून बाकीचं फेकून देतो. मला त्याच्यावरून नेहमी आमचा सोनेगावचा विमानतळ आठवतो, ज्याच्या कुंपणाला मिहान लागून आहे. जानेवारी १९४९ मध्ये इथून रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चार शहरांतून चार डकोटा विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात एकत्र यायची. धावपट्टीच्या बाजूला टपालाची पोती एका विमानातून दुसऱ्यात जायची, मद्रासची दिल्लीकडे, मुंबईची कलकत्त्याला, आणि विमानं आपापल्या गावी परत फिरायची. सकाळी पत्र दारात. देशाच्या मधोमध असण्याचा इतका नेमका उपयोग नागपूरला त्याआधी क्वचित झाला असेल. ती सेवा वीसहून अधिक वर्षं चालली. माझे आजोबा सांगत की थंडीच्या रात्री आवाज शहरापर्यंत ऐकू यायचा, एकामागून एक चार.

त्या पोत्यांची मला असूया वाटते. पोत्याचं तोंड शिवलेलं असतं. दोन पोती एकमेकांत मिसळत नाहीत, एक पोतं अर्धं दिल्लीला आणि अर्धं मुंबईला जात नाही. तारेवरच्या प्रवाहाला असं तोंड नसतं, ते आपल्याला शिवावं लागतं. मी पेटीत प्रत्येक वजनाच्या शेवटी एक खूण लावली, नवी ओळ सुरू होते ती. माझ्या बाजूला नियम केला की खूण दिसेपर्यंत वजन झालं असं म्हणायचं नाही, आलेलं जपून ठेवायचं, पुढचं आलं की त्याला जोडायचं, आणि खुणेनंतरचं काही उरलं तर ते पुढच्या गाडीसाठी बाजूला ठेवायचं. लिहायला ही वीस ओळींची गोष्ट आहे. सुचायला दोन गाड्या आणि दीड महिना लागला.

याच कामात एक छोटी गोष्ट दिसली, ती मी अजून लोकांना दाखवते. गेटवर मालाचं नाव दाखवणारा एक फलक होता, मराठीत. त्याच्या प्रोग्रामात १६ बाइटचं बफर होतं आणि तेवढ्यात एक शब्द सहज मावेल असं लिहिणाऱ्याने धरलं होतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आपल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला तीन. संत्रा या शब्दात स, अनुस्वार, त, हलन्त, र आणि काना अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. सोळा आले. पंधरा बाइटांत संत्र एवढं झालं आणि सोळावा बाइट कान्याचा पहिला तुकडा. फलकावर उमटलं संत्र, आणि पुढे प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन. नागपुरात, संत्र्यांच्या गाडीसमोर, संत्र्याचा काना तुटून पडलेला.

कान्याचे तीन बाइट म्हणजे २२४, १६४, १९०. यातला २२४ बिटांत लिहिला तर १११००००० होतो. सुरुवातीचे ते तीन एक म्हणजे निरोप आहे: मी एकटा नाही, आम्ही तिघं आहोत, बाकीच्या दोघांची वाट बघा. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन थॉम्प्सनने रॉब पाइकसोबत जेवताना ताटाखालच्या कागदी मॅटवर ही यूटीएफ-८ ची, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याची, रचना मांडली. त्या दोघांनी त्या वेळी मराठी डोळ्यांसमोर ठेवली असेल असं नाही, पण आज आपलं प्रत्येक अक्षर आपली लांबी कपाळावर लिहून येतं ते त्या रचनेमुळे. तेव्हापासून मला मराठी मजकूर तारेवरून जाताना थोडा वेगळाच जिव्हाळा वाटतो. फलकाच्या प्रोग्रामात बफर वाढवून भागलं असतं. मी त्याला वाट बघायला शिकवलं. अर्धं अक्षर हातात आलं तर दाखवायचं नाही, धरून ठेवायचं.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून एका अंगाला बोइंगने बांधून दिलेल्या विमानदुरुस्ती केंद्राची मोठी छपरं दिसतात, दुसऱ्या अंगाला खापरीच्या मेट्रोचे खांब. मधे बरीच मोकळी जमीन. बाहेरून येणारे पाहुणे खिडकीशी उभे राहतात आणि हमखास म्हणतात, किती जागा रिकामी आहे अजून. पूर्वी मीही म्हणायचे. त्या जागेत शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या गावांची शेतं होती. प्रकल्पासाठी जमिनी गेल्या, आणि मोबदल्याच्या, पुनर्वसनाच्या गोष्टी त्या घरांतून अजून निघतात. पावसाळ्यात गवत वाढण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, जुने वाफे जमिनीवर पुसट दिसतात.

आमच्याकडे साफसफाईला शिवणगावच्या एक मावशी येतात. काट्याचं काम चाललं होतं त्या दिवसांत मी उशिरापर्यंत बसायचे, त्या खिडक्या पुसायला यायच्या. एकदा मी त्यांना त्या गाड्यांची गोष्ट सांगितली, रिकाम्या गाडीचं बहात्तर टन आणि दुसऱ्याचा चिकटलेला आकडा. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली. मग फडकं खांद्यावर टाकून बाहेर बघितलं.

"थे चिंच दिसते ना, ताई? थ्या चिंचेपावतर आमचं. पऱ्हाटी अन् मधात तुरी. तिच्या पल्याड एक बित्ताबी आमचा नाई. थे दुसऱ्याचं."

मी म्हटलं, "मावशी, धुरा कुठं होता?"

बांधाच्या जागी मला गवताशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांनी ओल्या काचेवर बोट टेकवलं आणि चिंचेपासून सावकाश एक रेघ ओढत नेली, मधे एका ठिकाणी थोडी वाकवली, तिथे विहीर होती म्हणाल्या, आणि ती रेघ पार खिडकीच्या चौकटीपर्यंत आणून थांबवली. मग पुढची काच पुसायला गेल्या. रेघ ओढलेली ती काच त्यांनी त्या दिवशी पुसली नाही.